गुरुवारचा पेढा

माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या तेराव्याला गोडजेवणाच्या पंगतीतून मी लाडवाला हात न लावता उठले, आणि आमच्या भावकीची दिवाळी तिथेच अडकली.

आमच्यात रीत आहे. माणूस गेलं की तेराव्याला त्याचा थोरला भाऊ घरच्यांच्या तोंडात आपल्या हाताने गोडाचा घास घालतो. बायकोच्या, मुलांच्या, सगळ्यांच्या. तो घास गिळला की दुखवटा सुटला. मग कढई चढते, दारात रांगोळी येते, अडलेली लग्नं उभी राहतात. एकानेही घास घेतला नाही तर दुखवटा साऱ्या भावकीवर तसाच राहतो. असं याआधी चऱ्होलीत आमच्या चार घरांत कधी घडलं नव्हतं, त्यामुळे घडलं तर काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

बबनतात्या, म्हणजे आप्पांचे थोरले भाऊ, बुंदीचा लाडू घेऊन माझ्यासमोर वाकले तेव्हा मी म्हणाले, "मी गोड खात नाही."

हे खरं होतं. माझ्या तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट फेब्रुवारीत काठावर आला. वय त्रेचाळीस, आणि घरात आप्पांचं उदाहरण. त्यांचं आधी पायाचं बोट गेलं, मग नजर, मग किडनी. मी त्याच आठवड्यात साखर, भात, पोळी, बटाटा, फळं सोडली. मोशीच्या फ्लॅटवर मी एकटी राहते. ओट्यावर ग्रॅमचा वजनकाटा आहे, बदामसुद्धा त्यावर ठेवून खाते. नोकरी चाकणला, ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत, तपासणी खात्यात. मोजल्याशिवाय ही बाई काही मान्य करत नाही, असं माझ्याबद्दल कंपनीत कौतुकाने सांगतात आणि घरी तक्रार म्हणून.

पण ते अर्धंच खरं होतं. तात्यांच्या हातून त्या दिवशी मी पाणीही घेतलं नसतं.

दर गुरुवारी दुपारी तात्या आप्पांना भेटायला यायचे आणि त्यांच्या खिशात पेढा असायचा. एकदा आप्पांचा सदरा धुवायला टाकताना मला खिशात बटर पेपरचा चुरगळलेला तुकडा सापडला. वास घेतला. वेलदोडा. आप्पा हसले, "बबन आणतो गं. एका पेढ्यानं काय होतंय?" काय होतं ते पुढे ऑगस्टमध्ये दिसलं. अतिदक्षता विभागाच्या दाराशी तात्या भिंतीला टेकून उभे होते. मी त्यांच्याजवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुमचे पेढे चढलेत त्यांच्या किडनीला." तात्या काही बोलले नाहीत. त्यांचं ते गप्प राहणं मी कबुलीजबाब म्हणून घेतलं. 

तेव्हापासून गोड न खाणं मला फार सोपं झालं. आधी खरंच जड जायचं. मार्चमध्ये एका वाढदिवसाच्या केकसमोरून मी जिना उतरून खाली जाऊन उभी राहिले होते. आता पेढा, लाडू, बर्फी यांच्याकडे बघितलं की मला तात्यांचा हात दिसायचा, आणि जीभ कोरडी पडायची. 

कंपनीत दिवाळीचे खोके वाटले. मी माझा खोका गेटवरच्या टेबलावर ठेवून चालू लागले. खात्यातली नेहा, नवीन लागलेली मुलगी, मागे पळत आली. "मॅडम, घ्या ना, दिवाळी आहे."

"माझी नाही."

"एक दिवस चीट डे धरायचा."

"कुणाला फसवायचं त्या दिवशी?" मी विचारलं. संध्याकाळी ती माझ्याबद्दल कुणाशी तरी बोलली असणार, कारण दुसऱ्या दिवसापासून माझ्या टेबलाजवळ कुणी काजूचा तुकडाही आणला नाही. मला ते आवडलं. 

घरून फोन सुरू झाले. तात्यांची मुलगी अपेक्षा हिचं मे महिन्यात लग्न झालं होतं, म्हणजे यंदा तिचा दिवाळसण, त्यासाठी ती आधीच माहेरी आली होती. पाडव्याला जावई येणार, सोबत त्याच्या घरची सात माणसं. आणि आमच्या चारही घरांत कढई चढलेली नव्हती, कारण मी घास घेतला नव्हता. अपेक्षाने मला मेसेज केला, "ताई, प्लीज." पुढे हात जोडल्याचं चित्र. मी उत्तर दिलं नाही. तिचा काही दोष नव्हता आणि ते मला पक्कं माहीत होतं. 

वसुबारसेला पाच दिवस राहिले असताना, रविवारी, मी आईकडे चऱ्होलीला गेले. आमच्या घराच्या तीन बाजूंनी आता इमारती उठल्यात. चौथ्या बाजूला तात्यांचं घर आहे. मी आले हे त्यांना गेटचा आवाज झाला तेव्हाच कळलं असणार. सहाच्या सुमारास तात्या, अंबुकाकी आणि त्यांचा मुलगा सार्थक असे तिघे आले. काकींच्या हातात स्टीलचा डबा होता.

आई पाणी आणायला उठली.

"सरू, पानी नगं. बसाया न्हाई आलो आमी," काकी म्हणाल्या. "तुझी लेक हाय का घरात?"

"तुमच्या समोर बसलीये," मी म्हणाले.

"मंग बरं झालं. उघड तोंड."

त्यांनी डबा उघडून माझ्या नाकाशी धरला. बेसनाचे लाडू, गडद रंगाचे. "तुझ्यासाठी येगळे वळलेत. साखरंचा कण न्हाई. गूळ घातलाय, त्यो बी गुऱ्हाळावरनं आणलेला."

"गूळ म्हणजे साखरच असते, काकी. फक्त रंग वेगळा."

"तुझा बाप गूळच खायचा."

"आणि आता कुठंय तो?"

"तने!" आई म्हणाली. 

सार्थकने खुर्ची ओढली. तो हिंजवडीला नोकरी करतो, त्यामुळे घरातली अवघड बोलणी त्याच्याकडे येतात. "ताई, लॉजिकल बोलू का? एक चिमूट घे. पाच ग्रॅम. तुझ्या डाएटला त्याने काय फरक पडतो, तूच सांग, तू मोजतेस ना सगळं."

"फरक पडत नाही."

"मग?"

"मग काही नाही. नको."

"अगं, जावयाच्या घरचे येणारेत. विकतचं आणू म्हटलं तर आई म्हणते दुखवट्यात तेही चालत नाही. काय सांगू त्यांना? तनुताई डाएटवर आहे म्हणून आमची दिवाळी कॅन्सल?"

"सांग की. आहेच मी डाएटवर."

"डायट न्हवं ते," काकी म्हणाल्या. "आकस हाय. पोटात आकस धरलाय हिनं, अन् वरनं डायटचं फडकं टाकलंय. चार घरच्या कढया उपड्या पडल्यात हिच्यापायी. एवढी शिकून काय उपेग?"

"हो, आकस आहे," मी म्हणाले. "बरोबर ओळखलंत."

तात्या अजून दारातच होते. त्यांनी चपला काढल्या नव्हत्या. ते म्हणाले, "मंग बोल की एकदाचं. दवाखान्यात बोललीस तेच बोल. हितं समद्यांसमोर."

"दर गुरुवारी पेढा. ज्या माणसाचं बोट कापलं, त्या माणसाला. आईने भाकरी मोजून वाढायची, मी गोळ्यांचे डबे भरायचे, आणि तुम्ही खिशातून पेढा काढायचा. लाड करायचे. भाऊ म्हणून."

"अर्धा," तात्या म्हणाले.

"काय?"

"अर्धा पेढा. अर्धा त्यो, अर्धा मी. अन् दिला की नदीपतूर चालत न्यायचो त्याला. काठी घिऊन. परत चालत. दोन तास लागायचे."

"अर्धा होता हे कुणी बघितलंय?"

"अन् पुरा होता ह्ये कुणी बघितलंय?" काकी उसळल्या. "लिहून ठिवलंय का कुठं?"

"आहे लिहिलेलं," मी म्हणाले. "आई, आप्पांचं मशीन दे."

साखर मोजायचं ते मशीन मीच घेऊन दिलं होतं. आई रोज संध्याकाळी साडेसातला, जेवायच्या आधी, आप्पांच्या बोटाला सुई टोचायची. मशीन प्रत्येक आकडा तारीख-वेळेसकट आठवणीत ठेवतं. हे मला आधीच सुचायला हवं होतं; कंपनीत मी दुसऱ्यांना यावरूनच बोलते, की आधी नोंद बघा, मग तोंड उघडा. आईने कपाटातून निळी पिशवी आणली. बटण दाबलं, पडदा काळाच राहिला. सेल संपला होता.

माझ्या बॅगेत वजनकाटा होता. मी तो आईकडे दोन दिवसांसाठी येतानाही आणते. दोघांचा सेल एकच, गोल, नाण्यासारखा. मी चमच्याच्या टोकाने काट्याचं झाकण उघडलं, सेल काढला आणि मशीनमध्ये बसवला. हात अगदी स्थिर होते. मला त्या क्षणी आनंद झाला होता, हे कबूल करायला हवं. आता समोरच्या माणसाला त्याचाच आकडा वाचून दाखवायचा.

पडदा उजळला. मी मशीन सार्थकच्या हातात दिलं. "तू वाच. मोठ्याने. नाहीतर म्हणाल मी बनवून सांगितलं. फक्त गुरुवार वाच."

त्याने एका हातात फोन धरला, त्यात कॅलेंडर उघडलं. "सात ऑगस्ट, गुरुवार. एकशे अठ्ठेचाळीस."

"मागे जा."

"एकतीस जुलै. एकशे एकोणचाळीस. चोवीस जुलै... एकशे बावन्न."

"अजून मागे."

"सतरा जुलै, एकशे एक्केचाळीस. ताई, सगळे असेच आहेत."

"बघू," मी म्हणाले, पण मशीन मागितलं नाही. आप्पांच्या मानाने दीडशे हा चांगला आकडा होता. डॉक्टर दीडशेवर खूश असायचे. मी मनात कारणं शोधायला लागले: पट्टी जुनी असेल, बोट धुतलं नसेल. नको असलेला आकडा आला की कंपनीत लोक मला हीच कारणं सांगतात.

सार्थक अजून बटण दाबत होता. त्याला आता तो खेळ वाटत असावा. "बाकीचे दिवस पण ठीकच आहेत. दीडशे, एकशे साठ. फक्त..." तो थांबला.

"फक्त काय?"

"दहा ऑगस्ट, दोनशे एक्क्याण्णव. तीन ऑगस्ट, तीनशे चार. सत्तावीस जुलै, दोनशे शहाऐंशी. वीस जुलै, तीनशे अकरा." त्याने फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे बघायचं टाळलं. "रविवार आहेत."

"रविवारी कोण येत व्हतं?" काकींनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं की माहीत असून विचारलं, हे मला अजून कळलेलं नाही.

रविवारी मी येत होते.

रविवारी मी येत होते आणि येताना मोशीच्या एका दुकानातून खजूर-अंजिराचे लाडू आणत होते. पांढरा खोका, त्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं, साखरविरहित. आप्पा दारातच हात पुढे करायचे. गूळ म्हणजे साखरच, हे मी दहा मिनिटांपूर्वी काकींना ऐकवलं होतं. खजूर म्हणजे साखरच, हेही मला कुणी शिकवायला नको होतं. फेब्रुवारीपासून मी स्वतः एक खजूर तोंडात टाकला नव्हता. माझ्या ताटातून मी तो पहिल्याच दिवशी काढला होता. त्यांच्यासाठी मात्र मी खोक्यावरची अक्षरं वाचत होते.

"किती खायचे ते?" मी आईला विचारलं.

आईने डब्याकडे बघत सांगितलं. "चार. कधी पाच. तनूनं आणलेत, बिनसाखरंचे, कितीबी चालत्यात, म्हणायचे. तूच म्हणाली व्हतीस, खाऊ दे."

"तुला आकडा दिसत होता."

"दिसायचा."

"मग मला का नाही सांगितलंस?"

आईने निळी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "त्यांनी नगं म्हणून सांगितलं व्हतं. म्हणायचे, ती आली की भांडतीच. ह्ये एक तेवढं हसून देती. त्ये बंद नगं व्हाया."

वर्षभराच्या रविवारांनी कुणाची किडनी जात नाही. ती वीस वर्षांत जाते, आणि आप्पांची तशीच गेली. हे मला त्या खोलीतल्या सगळ्यांपेक्षा जास्त नीट माहीत होतं. पण वर्षभराच्या गुरुवारांनीही ती जात नाही. ते मला ऑगस्टमध्येही माहीत होतं, आणि तरी त्या दाराशी उभी राहून मी एका म्हाताऱ्या माणसाला ते वाक्य ऐकवलं होतं. माझं शिक्षण, माझं वाचन, माझा वजनकाटा, सगळं तेव्हा माझ्याजवळच होतं.

"आता बोल की," काकी म्हणाल्या. "आता का दातखीळ बसली?"

"गप गं," तात्या म्हणाले.

"का म्हणून गप? दोन म्हयनं आमच्या तोंडाला काळं फासलंय हिनं. लोकं इच्यारत्यात, काय केलं तुमी तिच्या बापाला, म्हणून पोरगी तुमच्या हातचं खाईना? आमी काय सांगायचं व्हतं?"

"गप म्हणलं ना." तात्यांनी चपला काढल्या आणि आत आले. त्यांनी डब्याचं झाकण उचललं आणि परत लावलं. "आज ऱ्हाऊ दे. असं नगं. जावयाचं बघू काय ते. सांगू कायतरी."

ते मला सोडत होते. तिथे मला त्यांचा सगळ्यात जास्त राग आला. त्यांनी ओरडायला हवं होतं.

"नाही," मी म्हणाले. "घाला."

"तने, दडपून नगं."

"घाला म्हणाले ना, तात्या. कढया उपड्या पडल्यात."

त्यांनी एक लाडू काढला. दोन्ही हातांनी तो मधोमध मोडला, सवय असल्यासारखा, एक अर्धा डब्यात ठेवला आणि दुसरा माझ्या तोंडाजवळ आणला. मी तोंड उघडलं. आठ महिन्यांनी जिभेवर गोड आलं आणि माझ्या अंगाला ते ताबडतोब आवडलं. शरीराला लाज नसते. मी चावलं, गिळलं, पाणी न पिता बसून राहिले.

मी माफी मागितली नाही. काही वाक्यं एकदा बोलली की त्यांच्यावर दुसरं वाक्य ठेवता येत नाही. तात्यांनी वाटही पाहिली नाही. धोतराच्या सोग्याला हात पुसून ते आईला म्हणाले, "सरू, येतो," आणि बाहेर पडले.

काकींनी डबा बंद केला. "झालं एकदाचं. सार्थक, अपेक्षाला फोन लाव. म्हणावं, रवा भिजव करंज्याचा. दादल्याला सांग, बिनघोर या."

सार्थकने मशीन माझ्यापुढे टेबलावर ठेवलं, अगदी हळू, जसं काही ते फुटेल. "सॉरी, ताई," तो म्हणाला.

"तू वाचलंस फक्त."

काकी दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "अन् तने, पुढच्या येळंला रविवारी आईकडं येशील तवा मोकळ्या हातानं ये. म्हंजी बरं पडंल."

त्या हे न बोलता जातील, असं मला वाटलंच नव्हतं. 

आम्ही दोघी उरलो. आईने दिवा लावला, भाजी चिरायला घेतली, ती तशीच ठेवून दिली. शेजारच्या घरातून लोखंडी कढई फरशीवर टेकल्याचा आवाज आला, मग बायकांचं बोलणं. अर्ध्या तासात तेल तापल्याचा वास आमच्या खिडकीतून आत आला. मी खिडकी लावायला उठले आणि न लावता परत बसले.

आईने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. साडेसात. तिने निळी पिशवी पुढ्यात ओढली, पट्टी काढली, मशीनमध्ये सरकवली, सुईवरची टोपी काढली. सगळं न बघता. दोन महिन्यांत तिच्या हातांनी काही विसरलं नव्हतं.

"दे बोट," ती म्हणाली.

"कशाला?"

"दे."

मी उजव्या हाताचं मधलं बोट पुढे केलं. तिने ते चोळलं, बाजूने टोचलं, दाबलं. थेंब पट्टीला लागला. मशीनवर पाचपासून उलटे आकडे सुरू झाले. मग तिने मशीन स्वतःकडे वळवून धरलं, पडदा पदराच्या बाजूला, तसंच, जसं ती वर्षभर धरत आली असणार.

"किती?" मी विचारलं.

"हाय बरी."

"आई."

"हाय म्हणलं ना बरी. जिवून घे."

"आई, आकडा सांग."

तिने खूप वेळ मशीनकडे बघितलं. पलीकडे कुणीतरी हसलं, बहुतेक सार्थक.

"एकशे बहात्तर," ती म्हणाली. आणि मग, "खरं सांगतीय."

तरी मी तिच्या हातातून मशीन घेऊन पाहिलं. एकशे बहात्तरच होतं.